उरलेली अर्धी ट्यूब

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरून वर सड्याकडे नजर टाकली, तर जांभ्या कातळात सुरुंग लावून, माती भरून वाढवलेली हापूसची कलमं दिसतात. देवगड तालुक्याचं वर्षभराचं अर्थकारण या कलमांवर उभं आहे आणि मार्च ते मे हे तीन महिने म्हणजे काढणीची धांदल. आंबा देठापासून तुटला की पहिल्या काही क्षणांत चिकाची चिळकांडी उडते. फळाच्या सालीवर ती पडली तर काळा डाग उठतो आणि माणसाच्या कातडीवर पडली तर लाली, आग, खाज आणि कधी पाण्याने भरलेले फोड. मनगट, मान, पापण्या, ओठांच्या कडा ही चिकाची ठरलेली ठिकाणं. झाडाखाली उभं राहून साल दाताने सोलून आंबा चोखणाऱ्या मुलांच्या तोंडाभोवती जे लालसर चट्टे उठतात, तेही याच चिकाचे. एप्रिलच्या अखेरीस मेडिकलमधून खाजेच्या, म्हणजे बहुधा स्टेरॉइडच्या, मलमाची एक ट्यूब घरात येते, चार-पाच दिवसांत हात बरा होतो आणि ट्यूब अर्धी उरते. ही उरलेली अर्धी ट्यूब पुढे जूनमध्ये काय करते, हा या प्रकरणाचा विषय आहे. स्टेरॉइडचं मलम वाईट की चांगलं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. ते मलम खाजेवरचं औषध नाही, खाजेच्या काही विशिष्ट कारणांवरचं औषध आहे. कारण ओळखलं नसेल तर मलम कितीही जपून लावलं, तरी ते सुरक्षित होत नाही.

आधी चिकाचं बघू, कारण तिथे हे मलम खरोखर उपयोगी पडतं. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एका कुळातली आहेत. आंब्याच्या चिकात आणि सालीत रिसॉर्सिनॉल गटातली द्रव्यं असतात. काजूच्या टरफलाच्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जागा असते आणि तिथल्या दाट तेलात अनाकार्डिक आम्ल व कार्डोल असतं. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून गोव्यात आणला आणि कोकणाने तो आपलासा केला, पण ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी काळी पडून सोलवटते, ही त्याची किंमत कोकणातल्या हातांनीच दिली. या तेलाची इजा दोन प्रकारची असते. एक भाजल्यासारखी, लगेच होणारी, कोणालाही होऊ शकणारी. दुसरी ॲलर्जीची. तीत शरीराचं संरक्षण दल त्या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखू लागतं आणि पुढच्या स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी त्या जागी चढाई करतं. चीक पुसून गेलेला असतो, तरी लढाई चालूच राहते. म्हणजे त्रास देणारं कारण निघून गेलं आहे आणि उरली आहे ती शरीराची स्वतःची प्रतिक्रिया. हे वाक्य लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

प्रतिक्रिया शमवणं हेच स्टेरॉइडचं काम. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी त्याच कुळातलं हायड्रोकॉर्टिसोन मलमाच्या रूपात कातडीवर लावून दाखवलं आणि त्वचारोगांच्या उपचारांचा चेहराच बदलला. त्याआधी इसबावर डांबर, गंधक आणि थंड पट्ट्या यांपलीकडे फारसं काही नव्हतं. हे रेणू पेशीत शिरतात, तिथल्या एका ग्राहक रेणूला चिकटून केंद्रकापर्यंत पोहोचतात आणि दाह पेटवणाऱ्या रसायनांची निर्मिती मंदावतात. रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, खाज थांबते. याच गुणाचा उपयोग करून १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी मलमांची ताकद मोजण्याची रीत काढली: कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. चीक बाधलेल्या मनगटावर डॉक्टरांनी सांगितलेलं मलम पाच-सात दिवस लावणं हे म्हणूनच योग्य आहे. प्रतिक्रिया अनावश्यक होती, ती थांबवली, संपलं.

पण किती लावायचं आणि कोणतं, यात चुका होतात, आणि पहिली चूक टक्केवारी वाचून होते. ट्यूबवर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का असं लिहिलेलं असतं आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के असं. एक टक्का जास्त म्हणून तो जहाल, असं वाटणं स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटातलं आणि क्लोबेटासोल सर्वांत तीव्र गटातलं, रक्तवाहिन्या आकसण्याच्या मोजमापात शेकडो पटींनी पुढचं. मधल्या गटांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोन अशी नावं येतात. क्लोबेटासोलसारखं औषध सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरायचं नसतं, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. दुसरी गोष्ट जागेची. फेल्डमन आणि मायबाक या दोघांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपराखालच्या हाताला एक धरलं, तर तळपायातून एक सप्तमांश, कपाळातून सहा पट, जबड्याजवळून तेरा पट आणि अंडकोशाच्या कातडीतून बेचाळीस पट औषध आत जात होतं. एकच मलम हातावर माफक आणि जांघेत जबरदस्त ठरतं ते यामुळे. घरात एकच ट्यूब असते आणि ती सगळ्यांच्या सगळ्या जागांसाठी असते, या रिवाजाला याहून मोठं उत्तर नको.

मापाच्या बाबतीत मराठीला एक सोय आहे. आपल्याकडे बोटाचं ‘पेर’ हा शब्दच तयार आहे. लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये जे माप सर्वत्र रूढ केलं, ते नेमकं हेच आहे: ट्यूबच्या नेहमीच्या तोंडातून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून घडीपर्यंत एक रेघ. मोठ्या माणसाच्या बोटावर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एका हाताच्या पंजाला दोन्ही बाजूंनी एक पेर, पूर्ण बाहूला तीन, एका पायाला सहा, चेहरा आणि मान मिळून अडीच. लहान मुलाच्या अंगासाठीही मोठ्याच्या बोटावरचंच पेर धरतात, फक्त पेरांची संख्या कमी होते. दिवसातून किती वेळा, याबद्दलही पुरावा स्पष्ट आहे: तीव्र गटातलं मलम इसबावर दिवसातून एकदा लावलं काय आणि दोनदा लावलं काय, गुण सारखाच येतो. खाज सुटेल तेव्हा लावायचं, हा हिशेब चुकीचा. आता कलमांवरच्या त्या माणसाचं गणित करून बघा. दोन्ही पंजांना रोज दोन पेरं, म्हणजे एक ग्रॅम. सात दिवसांत सात ग्रॅम. ट्यूब १५ ग्रॅमची. निम्मी उरणारच, आणि योग्य वापर केला म्हणूनच ती उरते.

मग मृग लागतो. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. लावणीच्या चिखलात दिवसभर भिजणं, होडीवरून ओल्या कपड्यांनी परतणं, घरात दोरीवर चार चार दिवस न वाळणारी अंतर्वस्त्रं, जीनच्या जाड कापडात कोंडलेला घाम. करदोट्याखाली, जांघेत, स्तनांखाली, कमरेच्या नाडीच्या रेषेवर खाज सुटते. हे चिकाचं काम नव्हे. ही बुरशी आहे, ज्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. इथे कारण निघून गेलेलं नाही. ते कातडीच्या वरच्या मृत थरात जिवंत बसून केराटिन खात आहे, आणि लाली व खाज ही शरीराने त्याला हाकलण्यासाठी चालवलेली खटपट आहे. मे महिन्यात जी प्रतिक्रिया अनावश्यक होती, तीच जुलैमध्ये आवश्यक झाली आहे. आणि घरात हाताशी आहे ती प्रतिक्रिया दाबणारी अर्धी ट्यूब.

या दोन खाजांची गल्लत आजची नाही. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या लोकांनी ‘धोबी इच’ असा एक शब्द रूढ केला. जांघेतल्या गजकर्णाला तो शब्द लावत, कारण धोब्याकडच्या एकत्र धुतलेल्या कपड्यांतून ते येतं असा समज होता. पण धोबी कपड्यांवर खुणा करत ते बिब्ब्याच्या रसाने, आणि कॉलरच्या किंवा कमरपट्टीच्या आतल्या त्या खुणेखाली ॲलर्जीचा चट्टा उठे. तोही धोब्याच्याच नावावर जाई. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांमध्ये अशा चट्ट्यांची इतकी रेलचेल झाली, की १९४३ मध्ये त्यावर वैद्यकीय नियतकालिकात स्वतंत्र निबंध छापून आला. एक नाव, एकच कंबर, तशीच खाज, आणि आजार दोन. एकाला आजच्या काळात स्टेरॉइड लागू पडेल आणि दुसऱ्याला त्याने वाढ मिळेल. आपल्या घरातल्या ‘खाजेचं मलम’ या शब्दप्रयोगात नेमकी तीच गल्लत दडली आहे.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो आणि तो हलका समजू नये: ‘लावलं आणि दोन दिवसांत खाज गेली, मग चुकलं कुठे?’ खाज जाते हे खरंच आहे. स्टेरॉइड गजकर्णावरही लाली उतरवतं, कारण लाली बुरशीने नव्हे, शरीराने आणलेली असते. पहारेकरी झोपवला की घरात आरडाओरडा थांबतो, चोर मात्र आतच असतो. मलम थांबवलं की आठवड्याभरात खाज दुप्पट होऊन परत येते आणि माणूस समजतो, औषध चांगलं होतं, आपणच लवकर सोडलं. ट्यूबमागून ट्यूब येत राहते. दरम्यान रिंगणाची उठावदार कड पुसट होते, मधला भाग लालभडक किंवा काळपट होतो, रिंगणात रिंगण उठतं आणि गजकर्णाची ओळखच हरवते. १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या अवस्थेला ‘टिनिया इनकॉग्निटो’ असं नाव दिलं, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण. जांघेच्या नाजूक कातडीवर त्याच वेळी दुसरं नुकसान चालू असतं. स्टेरॉइड कोलॅजनची निर्मिती रोखतं, कातडी पातळ होते आणि मांडीच्या आतल्या बाजूला गरोदरपणातल्या रेषांसारख्या जांभळट भेगा पडतात. गजकर्ण पुढे बरं होतं, पण या रेषा फिकट झाल्या तरी जन्मभर राहतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर त्या पडाव्यात आणि त्याने त्या कोणाला दाखवू नयेत, याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातलं काहीही अटळ नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. कारण ओळखता येत नसेल, तर सगळ्या कारणांचा बंदोबस्त करणारी एकच ट्यूब का लावू नये? बाजाराने हे उत्तर फार पूर्वीच दिलं: स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच मलमात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण या तिघांचा वेग सारखा नाही. स्टेरॉइड दोन दिवसांत खाज थांबवतं, बुरशीनाशकाला आठवडे लागतात. माणूस खाजेवरून औषधाची मुदत ठरवतो. त्यामुळे मलम पाचव्या दिवशी बंद होतं आणि बुरशीला पुरतं न मारता फक्त चाटून जातं. शिवाय अशा मिश्रणांत स्टेरॉइड बहुतेक वेळा क्लोबेटासोलसारखं अतितीव्र असतं, म्हणजे जांघेत जे कधीच जायला नको ते. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात चिवट, पसरट, औषधाला दाद न देणाऱ्या गजकर्णाची जी लाट आली, तिच्यामागे ही मिश्रणं मोठं कारण असल्याचं देशातले बहुसंख्य त्वचारोगतज्ज्ञ मानतात. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव दिलं. टर्बिनाफीन या हुकमी औषधाला ती बरेचदा जुमानत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याची नोंद केली. औषधाला दाद न देण्याचा गुण बुरशीच्या जनुकांतल्या बदलातून येतो. तो स्टेरॉइडनेच घडवला असं म्हणणं पुराव्यापलीकडचं होईल. मात्र महिनोन्महिने अंगावर न मरता टिकून राहण्याची आणि घरभर पसरण्याची संधी तिला या मलमांनी दिली, हे म्हणायला आधार आहे.

सरकारने याबाबतीत काहीच केलं नाही असं नाही. स्टेरॉइडं अनुसूची एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत पूर्वीपासून होती, पण बाहेरून लावायच्या मलमांना एक सूट होती. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती सूट रद्द व्हावी म्हणून बराच काळ पाठपुरावा केला. मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीची अट लागू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ ठरावीक मिश्रणांवर बंदी आली आणि त्यांत काही त्वचेची मलमंही होती. कायदा आहे, पण कायदा दुकानाच्या काउंटरपर्यंत येतो, कपाटात पडलेल्या अर्ध्या ट्यूबपर्यंत येत नाही. चिठ्ठी मे महिन्यातल्या हातासाठी होती. जुलैमधल्या जांघेसाठी ती कोणी लिहिली नव्हती.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग स्टेरॉइडला हातच लावू नये. हा तिसरा आक्षेप, आणि मला तो पहिल्या दोन्हींइतकाच घातक वाटतो. २००० साली ब्रिटनमध्ये इसबाच्या २०० रुग्णांना व पालकांना विचारलं तेव्हा ७२.५ टक्क्यांनी या मलमांची धास्ती वाटते असं सांगितलं आणि २४ टक्क्यांनी त्या धास्तीपायी उपचारच नीट केले नाहीत. ही धास्ती बिनबुडाची नाही, पण प्रमाणाबाहेर आहे. इसबावरच्या अभ्यासांचा २०२२ मध्ये जो मोठा कोक्रेन आढावा निघाला, त्यात कातडी पातळ होण्याची नोंद ठेवणाऱ्या २२ चाचण्यांतल्या २,२६६ जणांपैकी फक्त २६ जणांत ती आढळली, म्हणजे सुमारे एक टक्का, आणि त्यांतले १६ अतितीव्र मलम वापरणारे होते. त्याच आढाव्यात वारंवार उलटणाऱ्या इसबावर आठवड्यातून दोनच दिवस मलम चालू ठेवल्याने पुन्हा उठण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आल्याचं दिसतं. निदान बरोबर असेल, ताकद जागेला साजेशी असेल आणि मुदत ठरलेली असेल, तर हे औषध विश्वासाचं आहे. इसबाने रात्र रात्र खाजवून रक्त काढणाऱ्या बाळाला ‘स्टेरॉइड नको’ म्हणून तसंच ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि स्टेरॉइड टाळायचं म्हणून जडीबुटीच्या निनावी डबीकडे वळणारे लोक कित्येकदा स्टेरॉइडकडेच जातात. १९९९ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी रुग्णांकडून आणलेली ११ चिनी वनौषधी मलमं तपासली, तेव्हा ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं, लेबलवर एक अक्षर नसताना. ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत आणि जिने खाज जादूसारखी जाते, तिच्याबद्दल सर्वांत जास्त संशय घ्यावा.

कोकणाकडे वनौषधींपेक्षा साधी, तपासलेली गोष्ट आहे आणि ती म्हणजे खोबरेल. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताज्या खोबऱ्याच्या तेलाने इसबाचा गुणांक आठ आठवड्यांत ६८ टक्क्यांनी उतरला, खनिज तेलाने ३८ टक्क्यांनी. कोरड्या, तडकलेल्या कातडीसाठी ते रोजचं औषध आहे आणि त्यामुळे स्टेरॉइड कमी लागतं. काजू सोलण्याआधी हाताला तेल चोपडण्याची रीतही शहाणपणाची आहे. त्याने टरफलातल्या तेलाला कातडीशी थेट भिडायला वाव कमी मिळतो. आंब्याच्या बाबतीत तर बचाव झाडावरच होऊ शकतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला आंबा देठासकट कापतो. त्यामागचा हेतू फळ डागाळू नये हा, पण जो चीक फळावर उडत नाही तो हातावरही उडत नाही. चीक उडालाच तर साबण आणि भरपूर पाण्याने लगेच धुणं हे कुठल्याही मलमापेक्षा मोलाचं. मात्र गजकर्णावर खोबरेल चोळून काही होत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

सर्वांत खरा आक्षेप शेवटचा. त्वचारोगतज्ज्ञ कुणकेश्वरात बसत नाही. लावणी टाकून, दिवस मोडून, एसटीने देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, ते एका खाजेसाठी? ही अडचण उपदेशाने सुटणारी नाही. पण ती अडचण अर्ध्या ट्यूबच्या बाजूचा पुरावा ठरत नाही. इथे एक साधा हिशेब मांडता येतो. ॲलर्जीच्या चट्ट्यावर चुकून नुसतं बुरशीनाशक लावलं, तर फार तर गुण येणार नाही किंवा थोडी जळजळ होईल. गजकर्णावर चुकून स्टेरॉइड लावलं, तर आजार पसरतो, ओळख पुसली जाते, कातडीवर कायमची खूण राहते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून शंका असेल तेव्हा स्टेरॉइड नसलेल्या बाजूला चुकावं. शंका कमी करायलाही काही खुणा आहेत. चीक किंवा साबण जिथे लागला तिथेच चट्टा असेल, चिळकांडीसारखी रेघ असेल, दोन-तीन दिवसांत उठला असेल, तर तो संपर्काचा. कड उठावदार, मधला भाग त्यामानाने स्वच्छ, रिंगण आठवड्यागणिक मोठं होत असेल, घड्यांत असेल, घरात आणखी कोणाला असेल, तर ते गजकर्ण. रात्री अंथरुणात खाज असह्य होत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या असतील आणि सगळं घर खाजवत असेल, तर ती खरूज. तिलाही स्टेरॉइड फक्त झाकतं, आणि औषध सगळ्या घराने एकाच वेळी लावावं लागतं. घरातला पुरावा इतपत, पक्कं निदान याने होत नाही. गजकर्णाची खात्री करणारी तपासणी मात्र अगदी साधी आहे: कडेचा थोडा पापुद्रा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघायचे. ई-संजीवनीसारख्या सेवेतून डॉक्टरांना चट्टा दाखवता येतो, तेव्हा तो मलम लावण्यापूर्वीच्या रूपात दाखवावा. आधी लावलेल्या प्रत्येक मलमाचं नाव सांगावं, रिकामी ट्यूबही समोर धरावी.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात, पण ठाम. चेहऱ्यावर हे मलम खाजेसाठी कमी आणि उजळपणासाठी जास्त जातं. २०११ मध्ये देशातल्या १२ केंद्रांनी मिळून चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली, तेव्हा ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. रक्तवाहिन्या आकसून पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो. नंतर तो उन्हात पेटतो, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, केस वाढतात, आणि मलम सोडलं की आग होते, म्हणून ते सुटत नाही. वांगावर डॉक्टर जे तिहेरी मलम देतात, त्याचं मूळ सूत्र १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं होतं. त्यातही स्टेरॉइड आहेच, आणि ते मोजक्या आठवड्यांसाठीच असतं. शेजारणीला त्याचा गुण आला म्हणून ते आपलं होत नाही. पापण्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. ज्याने महिनोन्महिने चेहऱ्याला लावलं आहे, त्याने घाबरून एका दिवसात फेकून न देता डॉक्टरांच्या सांगण्याने उतरवत आणावं.

तान्ह्या मुलांचं अंग वजनाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे औषधही वजनाच्या मानाने जास्त शोषलं जातं. लंगोटाखाली तर प्लास्टिकच्या आवरणाने कोंडल्यासारखं होतं आणि शोषण आणखी वाढतं. शी-शूच्या लालीवर मोठ्यांची ट्यूब कधीच वापरू नये.

आता कपाटातल्या त्या ट्यूबकडे. आधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. नाव ‘सोन’ने संपत असेल, बीटामेथासोन, मोमेटासोन, हायड्रोकॉर्टिसोन, तर आत स्टेरॉइड आहे. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, ट्रायमसिनोलोन हीही त्याच घरातली. ‘झोल’ने संपणारी क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल ही बुरशीवरची. ‘सोल’ आणि ‘झोल’ या एका अक्षराच्या फरकावर सगळं अवलंबून आहे, म्हणून चष्मा लावून वाचावं. दोन्ही एकाच ट्यूबवर दिसली, तर ती मिश्रणाची, आणि ती पुन्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नये. मग जाड पेनाने ट्यूबवर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणासाठी, अंगाच्या कोणत्या भागासाठी, कोणत्या तारखेपर्यंत. ‘बाबा, हात, २० मे.’ ती तारीख उलटली की ट्यूब कपाटात न ठेवता टाकून द्यावी. टाकवत नसेल, तर निदान जुलैच्या एखाद्या रात्री करदोट्याखाली खाज सुटून कोणी अंधारात ती चाचपून काढेल, तेव्हा दिव्याखाली त्या तीन गोष्टी तरी समोर येतील.